वय वर्षे अठ्ठावीस

"पेशंटला वय असतं, गाव असतं, मागं सोडून आलेलं घर असतं. एवढं लिहायचा कंटाळा असेल तर पेपर काढू नये, पोरींना सरळ गाइड वाटून टाकावं."

सत्यभामा केकाण हे बोलली तेव्हा स्टाफ मीटिंगमधला चहा अजून बशीतच होता. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नर्सिंग स्कूलमध्ये ती पाठ्यनिर्देशिका म्हणून नुकतीच लागली होती, आणि नव्या बाईनं पहिल्या मीटिंगला नुसती मान डोलवायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. समोर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पडल्या होत्या. पाचही वर्षं एकच बाई आजारी होती. श्रीमती क्ष, वय ४५, गृहिणी. एका साली तिला मधुमेह, दुसऱ्या साली रक्तदाब, तिसऱ्या साली पुन्हा मधुमेह. ती कुठून आली, कशानं आली, बरोबर कोण होतं, कुणालाच माहीत नव्हतं. पोरी तिला पाठ करत होत्या आणि पास होत होत्या.

"मग तुम्हीच काढा की पेपर," तेव्हाचे प्राचार्य म्हणाले. शिक्षा केल्यासारखं म्हणाले. सत्यभामेनं ते काम दोन्ही हातांनी घेतलं.

तेव्हापासून तिच्या पर्समध्ये एक दोनशेपानी वही असते. जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेत, एसटीत, लग्नाच्या मांडवात, जिथं कुणी दुखणं सांगायला लागलं तिथं वही बाहेर निघते. नाव ती बदलते, गाव शेजारचं करते. बाकीचं तसंच ठेवते. सिरसाळ्याच्या बाजारात चक्कर येऊन पडलेला म्हातारा तिच्या प्रश्नात आला तो असा: साखरेची गोळी रोज अर्धीच खातो, कारण उरलेली अर्धी थोरल्या भावाला देतो. दोघांचीही साखर वाढलेली. परिचारिका म्हणून कोणाला, काय आणि कोणत्या शब्दांत सांगाल? दहा गुण. धारूरच्या घाटात ट्रॉली उलटली तो प्रश्न पोरींना अजून झोपेत आठवतो. जखमी सात, सलाइनचे स्टँड दोन, डॉक्टर वाटेत. आधी कुणाकडे जाल, आणि ज्याच्याकडे जाणार नाही त्याच्या बायकोला काय सांगाल?

आणि साप. बांधावर साप चावलेला माणूस, मांडीला लुगड्याचा काठ करकचून बांधलेला, पाय निळा पडत चाललेला. नातेवाईक म्हणतात, गाठ सोडा. सोडाल का? केव्हा? अर्ध्या वर्गानं लिहिलं, ताबडतोब सोडू. सत्यभामेनं त्या सगळ्यांना शून्य दिलं आणि पेपरावर लाल शाईनं लिहिलं, 'पेशंट मेला.' पोरी रडल्या. दोन वर्षांनी चौसाळ्याकडच्या एका आरोग्य केंद्रातून योगिता नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज कापत होता, पण रडत नव्हती.

"मॅडम, तुमचा तो पेशंट आला. लुगड्याच्या काठासहित आला."

"गाठ?"

"सोडली न्हाई. आधी सुई लावली, डॉक्टर आले, औषध चालू झालं, मग हळूहळू सोडली. जगला मॅडम. पाणी मागतोय."

"पाणी लगेच देऊ नको," सत्यभामा म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती वर्गात नेहमीपेक्षा जास्त चिडचिड करत राहिली.

एवढ्या वर्षांत तिनं बहुतेक सगळ्यांचं दुखणं पेपरात घातलं. एक बाई तेवढी राहिली. ती तिच्याच घरात, दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत, खिडकीशी पाय पसरून बसलेली असे. दगडाबाई. तिची माय.

दगडाबाईचं वय सत्तावन्न. चालताना बघणाऱ्याला पंच्याहत्तर वाटे. दोनदा मनगट मोडलेलं, एकदा खुबा. पाठीचा कणा पुढं वाकलेला, जणू अजून डोक्यावर उसाची मोळी आहे आणि ट्रकला लावलेली फळी चढायची आहे. हाडं अशी कशानं झाली हे सत्यभामेला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी, एका पुस्तकाच्या उजव्या पानावर कळलं. गर्भपिशवी काढताना बीजकोशही काढले तर हाडं लवकर झिजतात. पुस्तकात एवढंच होतं. तिनं पान बंद केलं होतं आणि पुढची वीस वर्षं त्या पानाकडे बघायचं टाळलं होतं.

यंदा ते टळलं नाही. सप्टेंबरअखेर ती पोरींना घेऊन संस्थेच्या दवाखान्यात पोस्टिंगला गेली. स्कूल आणि दवाखाना एकाच संस्थेचे, एकाच आवारात. मधे फक्त एक लोखंडी फाटक. दसरा जवळ आला होता. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतात, म्हणून त्याआधीच्या पंधरवड्यात ऑपरेशनची यादी लांबत जाते. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एका आठवड्यात नऊ बायका. पिशवी, पिशवी, पिशवी. वय एकोणतीस, बत्तीस, सव्वीस, एकतीस. मंगल नावाची पोरगी फाइल घेऊन सत्यभामेजवळ आली. तिची आई सहा महिने सांगलीकडं ऊस तोडते हे सत्यभामेला ठाऊक होतं.

"मॅडम, हिचा सोनोग्राफीचा रिपोर्ट बघा ना. सगळं नॉर्मल लिहिलंय."

"मग?"

"मग हिचं काय चुकलंय?"

कॉरिडॉरमध्ये स्पिरिटचा वास होता. दोन आया स्ट्रेचर ढकलत चालल्या होत्या. सत्यभामेनं फाइल मिटून मंगलच्या हातात परत दिली. ती म्हणाली, "लिहून घे. परीक्षेला येईल."

बोलली आणि बांधली गेली.

त्या रविवारी ती वही घेऊन मायसमोर बसली. दगडाबाई लसूण सोलत होती.

"माय, तुझं आपरेशन झालं तवा तुझं वय किती होतं?"

"कावून? कुणाला सोयरीक सांगायलीस का माझी?"

"पेपरात घालायचंय."

"वर्तमानपत्रात?"

"न्हाई गं. पोरींच्या परीक्षेत. प्रश्न काढायलेय तुझ्यावर."

दगडाबाईच्या हातातली पाकळी थांबली. आपल्यावर कुणी प्रश्न काढावा याचं तिला नवल वाटलं की भीती, ते तोंडावरून कळलं नाही.

"तू आठ वर्साची हुतीस. म्हंजी मी चोवीस."

सत्यभामेनं वहीत चोवीस लिहिलं. माय वाकून बघायला लागली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते.

"चोवीस नकू लिहू."

"खरं हाय ना?"

"खरं हाय, पर कुनी खरं मानायचं न्हाई. लोक म्हनतील, लबाड हाय बाई. अठ्ठावीस लिही. अठ्ठावीसला मानतील."

सत्यभामेनं चोवीसवर काट मारली. मायचं खोटं नव्हतं. पेपर वाचणारी कुणीतरी बाई चोवीस वाचून भुवई उंचावेल आणि पुढचं सगळं वाचायचं राहून जाईल. अठ्ठावीस.

"काय दुखत होतं?"

"वटीपोट. आन् पांढरं जायचं. दिसभर उसाच्या फडात, बाथरूम न्हाई, पानी न्हाई, त्याच लुगड्यात... तुला म्हाईत न्हाई का? तूच तर पाचटाच्या कोपीत भाकऱ्या थापायचीस."

"डॉक्टर काय म्हणले?"

"म्हनले, पिशवी सडली. ठिवली तर क्यान्सर हुईल. काढली तर पाळी जाईल, म्हैन्याचे चार खाडे जातील. मुकादम बी म्हनला, ब्येस. तुझा बाप बी म्हनला, ब्येस. मला कुनी इचारलं न्हाई, मी बी म्हनले, ब्येस."

"मग?"

"मग काय, टाके काढताना डाक्टर म्हनले, बाई, सा हप्ते वजन उचलायचं न्हाई. आन् मी हसले. लई हसले. टाका दुखायला लागला तरी हसू थांबंना. डाक्टर म्हनले, येडी का काय?"

"का हसलीस?"

दगडाबाईनं लेकीकडं बघितलं. त्या बघण्यात एवढी शाळा शिकून हेही कळत नाही का, असं काहीतरी होतं.

"खिडकीतून टेम्पो दिसत हुता. मुकादम भाईर हुबा हुता. आपली आंथरुनं टेम्पोत चढलीवती, त्यावर तू बसलीवतीस, भावाला मांडीवर घिऊन. आन् हे म्हनायलेत सा हप्ते."

सत्यभामेनं लिहिलं. लसणाची सालं पंख्याच्या वाऱ्यानं खोलीभर उडत होती.

सोमवारी तिनं हातानं लिहिलेला पेपर आश्रुबाच्या टेबलावर ठेवला. आश्रुबा हा ऑफिसातला क्लार्क, पन्नाशीचा, दोन बोटांनी टाइप करणारा आणि टाइप करता करता प्रत्येक प्रश्नावर शेरा मारणारा. सापाच्या प्रश्नाला तो म्हणाला होता, "म्याडम, साप कुठला ते लिवा, त्याला बी मार्क द्या." ट्रॉलीच्या प्रश्नाला, "डायव्हरला अटक झाली का न्हाई?" आज तो चष्मा पुसून वाचायला लागला.

प्रश्न ४. एक स्त्री, वय २८, व्यवसाय ऊसतोड, तीन बाळंतपणे. ओटीपोटात दुखणे व अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी घेऊन दसऱ्याच्या आधी दवाखान्यात आली. सोनोग्राफी नॉर्मल. पिशवी न काढल्यास कॅन्सर होईल, असे तिला सांगण्यात आले आहे. शस्त्रक्रिया परवा आहे. टोळी त्यानंतर निघणार आहे.

अ) तिची परिचारिका या नात्याने तुम्ही तिला कोणते प्रश्न विचाराल? डॉक्टरांना कोणते विचाराल? (५)

ब) शस्त्रक्रियेचा निर्णय होण्याआधी कोणत्या तपासण्या व कोणते उपचार व्हायला हवे होते? (५)

क) बीजकोश काढले गेल्यास पुढील तीस वर्षांत तिच्या हाडांवर काय परिणाम होतील? (३)

ड) 'शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे वजन उचलू नका' असे सांगितल्यावर ती हसली. का? (२)

"म्याडम," आश्रुबा म्हणाला, "हे हसली का, म्हंजी? नर्सिंग हाय का तमाशाचा वग?"

"टाइप करा आश्रुबाभाऊ."

"करतो की. आपल्याला काय. उद्या इचाराल, शिंकली का? दोन मार्क." त्यानं दोन बोटं चालवली. अठ्ठावीसचा आठ दाबून बोट तिथंच राहिलं. "आमच्या घरातलीची बी काढली," तो पडद्याकडं बघत म्हणाला. "तिची तिशी भरली नव्हती." मग पुन्हा टकटक सुरू झाली, आणि त्या प्रश्नावर त्यानं दुसरा शेरा मारला नाही.

पेपर मंजुरीला प्राचार्या प्रियदर्शनी मॅडमकडं गेला. प्रियदर्शनी मॅडम वाईट बाई नव्हत्या. पोरींच्या हॉस्टेलचं पाणी तुटलं तर स्वतः टँकरमागं धावणाऱ्या, पण कागदावर नको तो शब्द दिसला की घशाला कोरड पडणाऱ्या. त्यांनी दुपारी बोलावलं.

"केकाण मॅडम, हसण्याला गुण? अभ्यासक्रमात हसणं कुठल्या युनिटला आहे?"

"आरोग्य शिक्षण. सल्ला देण्याआधी पेशंटची परिस्थिती जाणून घेणे. युनिट तीन."

"आणि याचं नमुना उत्तर? जागा कोरी सोडलीये तुम्ही."

"हॉलमध्ये साठ पोरी बसतील. त्यातल्या निम्म्यांना उत्तर घरून येतं. जे लिहितील ते मी तपासीन."

प्रियदर्शनी मॅडमनी पेपर उलटा करून टेबलावर ठेवला. "तुम्हाला कळतंय ना मी कशाला घाबरते? मला तुमचा प्रश्न चुकीचा वाटत नाही. पण दवाखान्याच्या शंभर खाटांवर आपल्या स्कूलची मान्यता उभी आहे. त्यांनी उद्या फाटक बंद केलं तर पोरींचं पोस्टिंग कुठं? वर्ष कुठं?"

"त्याच खाटांवर त्यांच्या माया झोपल्यात, मॅडम."

"भाषण नको. एक काम करा. वय बदला."

"किती करू?"

"अठ्ठेचाळीस. एकच आकडा आहे. दोनाचा चार. अठ्ठेचाळीसला पिशवी काढली तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बाकी प्रश्न मी तसाच जाऊ देते. ऊसतोडसुद्धा ठेवा हवं तर."

दोनाचा चार. सत्यभामा टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत उभी राहिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ते सोपं वाटलं. वय सोडलं तर सगळं राहणार होतं. पोरी अ आणि ब लिहिणारच होत्या. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या बाईला अ मध्ये विचारायला काय उरतं? तिची पाळी तशीही जाणारच. क मधली हाडं तशीही झिजणारच. आणि ड मध्ये ती हसणारच नाही. तिच्या आंथरुणावर बसलेली आठ वर्षांची पोरगी तोवर लग्न होऊन गेलेली असते. वयाच्या त्या एका आकड्यावरच अख्खी बाई उभी होती.

"नाही बदलणार."

"मग मला वर पाठवावा लागेल."

वर म्हणजे फाटकापलीकडं, डॉक्टर रविराज यांच्याकडं. संस्थाध्यक्षांचा मुलगा, दवाखाना तोच बघायचा, संस्थेचा सचिवही तोच. पस्तिशीचा, पुण्याला शिकलेला, आवाज कधी न चढवणारा. परीक्षा गुरुवारी होती. बुधवारी सकाळी त्यानं दोघींना केबिनमध्ये बोलावलं. आश्रुबा पेनड्राइव्ह घेऊन दाराशी उभा होता.

"बसा मॅडम. चहा?"

"नको."

"हा प्रश्न आमच्या दवाखान्यावर काढलाय."

"नाव कुठं आहे?"

"नावाची काय गरज. कुणीही ओळखील."

"नाव न लिहिता तुम्ही ओळखलंत सर," सत्यभामा म्हणाली. "म्हणजे केस नीट उतरली."

दाराशी आश्रुबाला खोकला आला. रविराज हसला नाही, चिडलाही नाही. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले.

"मला कसाई समजता तुम्ही. पण बसा एकदा माझ्या ओपीडीत. बायका स्वतः येतात. हात जोडतात. डॉक्टर, पाळी नको, त्रास नको, काढून टाका. गोळ्या लिहून दिल्या तर फेकून देतात आणि दुसऱ्या दवाखान्यात जाऊन काढून येतात. मी नाही म्हणालो तर कोण थांबणार आहे?"

"येतात," ती म्हणाली. "हात जोडतात, हेही खरं. म्हणूनच अ मध्ये विचारलंय, तेव्हा तिला काय विचारायचं. तुमच्या ओपीडीत ते विचारायला वेळ नसतो. साठ पोरी तयार होतायत, त्या विचारतील."

"माझ्याच टेबलाशी उभ्या राहून?"

"कुणाच्याही."

प्रियदर्शनी मॅडम घाईनं मधे पडल्या. "सर, मी वय बदलायचं सुचवलंय. अठ्ठेचाळीस."

"हां. अठ्ठेचाळीस करा. व्यवसाय गृहिणी. दसरा काढा, टोळी काढा. आणि ते हसणं काढून टाका, ते फारच... काढून टाका." तो सत्यभामेकडं वळला. "मॅडम, अकरा वर्षं आहात इथं. मी तुमचं काही तोडत नाहीये. वीस वर्षांचा फरक आहे फक्त, कागदावर."

"वीस नाही, चोवीस."

"काय?"

"ज्या बाईवर प्रश्न काढलाय तिचं वय चोवीस होतं. अठ्ठावीस तिनं स्वतः करायला लावलं, कुणी खरं मानणार नाही म्हणून. चार वर्षं तिनं आपल्या हातानं दिली तुम्हाला. आणखी मी देणार नाही. ती माझी माय आहे."

रविराजनं समोरचा पेपर सरळ केला, कडा टेबलाच्या कडेशी जुळवली. मग तो सचिव होऊन बोलला.

"मला वाईट वाटतं. पण निर्णय झालाय. आश्रुबा, सांगितलं तसं करून छपाईला लावा."

"मग माझं नाव काढा त्यावरून," सत्यभामा म्हणाली.

"नाव राहील. अकरा वर्षं पेपर केकाण मॅडमचा असतो हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. एकाएकी नाव गेलं तर दहा ठिकाणी चर्चा. पेपरसेटर तुम्हीच. पुढचं परीक्षेनंतर बघू. तुमचंही."

शेवटचा शब्द त्यानं हळू उच्चारला. त्याचा अर्थ तिला समजावून सांगावा लागला नाही.

घरी गेल्यावर मायनं विचारलं, "लिवलं का पोरींनी?"

"उद्या हाय परीक्षा."

"लिवतील नव्हं?"

सत्यभामा चपला काढत होती. "मायच्या पोरी हायत्या. लिवतील," ती म्हणाली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. नोकरी गेली तर या दोन खोल्यांत किती महिने निघतील हे तिनं मनात आणून पाहिलं. मायचं कॅल्शियम, घरभाडं. उत्तर फार लांबचं नव्हतं. तिनं तोंड पुसलं आणि भात टाकला.

गुरुवारी सकाळी दहाला हॉलमध्ये साठ पोरी, पांढरे एप्रन, दोन वेण्या. बाहेर आश्रुबा भिंतीला टेकून उभा होता. सत्यभामेला बघून त्यानं मान खाली घातली.

"बोटानं केलं ताई," तो म्हणाला. इतक्या वर्षांत म्याडम सोडून तो पहिल्यांदा दुसरं काही म्हणाला होता. "चाराचं बटण दाबताना चष्मा काढून ठिवला हुता."

"तुमचं काही नाही आश्रुबाभाऊ."

आत प्रियदर्शनी मॅडम स्वतः पर्यवेक्षक म्हणून बसल्या होत्या. पेपर वाटून झाले होते. पहिली दहा मिनिटं वाचायची. दुरुस्तीपुरता सोडून पोरींनी पेनांना हात लावायचा नाही. या शाळेत एक जुनी रीत होती. दोन बोटांनी टाइप केलेल्या पेपरात चुका राहणारच, म्हणून या दहा मिनिटांत ज्याचं नाव पेपरावर असेल त्या शिक्षकानं हॉलमध्ये यायचं, आणि फळ्याच्या डाव्या अंगाला दुरुस्त्या लिहायच्या. फळ्यावर लिहिलेलं छापलेल्यापेक्षा खरं धरायचं. पोरी छापील शब्दावर रेघ मारून वर फळ्यावरचा शब्द लिहीत. गेल्या वर्षी मिलिग्रॅमचं ग्रॅम झालं होतं ते असंच दुरुस्त झालं. ही दहा मिनिटं पेपरसेटरची. प्राचार्यही त्यात बोलत नसत.

सत्यभामा आत आली तेव्हा प्रियदर्शनी मॅडमनी वर पाहिलं आणि त्यांना ते आठवलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्या उठल्या, पुन्हा बसल्या.

सत्यभामेनं पहिल्या बाकावरून एक पेपर उचलला. प्रश्न ४. एक स्त्री, वय ४८, गृहिणी. खाली तीन उपप्रश्न होते, तिच्या हातचा एकही नव्हता. केबिनमध्ये न सांगता तेही बदलले होते. शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी लिहा. शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा लिहा. आहार लिहा. आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, पेपरसेटर: श्रीमती स. केकाण. तिला क्षणभर आपलं नाव दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढवलेल्या लुगड्यासारखं दिसलं.

पेपर तिनं परत ठेवला. खडू घेतला. डाव्या अंगाला वर 'दुरुस्ती' लिहून खाली रेघ ओढली, दरवर्षी ओढते तशी.

प्र. ४: वय ४८ नसून २८ वाचावे.

मागं पेनांचा आवाज झाला. आज्ञाधारक पोरींनी आकडा खोडला. काहींनी वर पाहिलं.

व्यवसाय: 'गृहिणी' नसून 'ऊसतोड'.

आता बाकांवर हालचाल झाली. तिसऱ्या रांगेत मंगलनं पेपर जवळ ओढला. सत्यभामा लिहीत होती. तिचं अक्षर मोठं, शेवटच्या बाकावरून वाचता येईल असं. दसऱ्याच्या आधी दवाखान्यात आली. सोनोग्राफी नॉर्मल. पिशवी न काढल्यास कॅन्सर होईल असे सांगितले. शस्त्रक्रिया परवा. टोळी त्यानंतर निघणार. मग छापलेले तीनही उपप्रश्न रद्द केल्याची एक ओळ, आणि तिचे अ, ब, क, कंसात गुण. खडू तुटला. खाली पडलेला तुकडा उचलायला ती वाकली नाही. उरलेल्या अर्ध्यानं लिहीत राहिली.

"केकाण मॅडम," प्रियदर्शनी मॅडम मागून म्हणाल्या. अगदी हळू. "मला ते पुसावं लागेल."

सत्यभामेनं ड लिहिला. 'शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे वजन उचलू नका' असे सांगितल्यावर ती हसली.

डस्टर प्रियदर्शनी मॅडमच्या हातात होता. त्या फळ्याजवळ आल्या होत्या, सत्यभामेच्या खांद्याइतक्या जवळ, आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता. हॉलमध्ये साठ पेनं फळ्यावरचं कागदावर उतरवून घेत असल्याचा आवाज चालला होता, पत्र्यावर बारीक वाळू पडत राहावी तसा. कुणीही मॅडमकडं बघत नव्हतं. एक पोरगी, कोण ते दिसलं नाही, लिहिता लिहिता नाक ओढत होती. डस्टर छातीशी धरून मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी घड्याळात पाहिलं. दहा मिनिटांतली दोन अजून शिल्लक होती.

सत्यभामेनं 'का?' लिहिलं, पुढं कंसात दोन. खडू फळ्याखालच्या फळीवर ठेवला, पदराला हात पुसले, आणि बाकांच्या मधल्या वाटेनं, एकाही पेपराकडं न बघता, दाराबाहेर निघून गेली.